सॉफ्टवेअरची वर्गणी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर आपण संतसाहित्य ऐकलं, नाट्यसंगीत ऐकलं, मधुमेह आणि गुंतवणूक यांवरही ऐकलं. यंदा कार्यकारिणीने मला सांगितलं, "तुम्ही रोज जे काम करता त्यावर बोला, पण सगळ्यांना समजेल असं बोला." मी राज्य शासनाच्या एका तांत्रिक खात्यात नोकरी करतो. नकाशे आणि आराखडे हा माझा रोजचा विषय. घरांचे नकाशे, लग्नपत्रिका, चौकातले फ्लेक्स आणि आपली ही स्मरणिका, हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर तयार होतं, त्याबद्दल आज बोलणार आहे. विषय कोरडा वाटेल. पण त्यात आपला पैसा, वेळ आणि आठवणी अडकलेल्या आहेत, एवढं शेवटपर्यंत ऐकलंत तर पटेल.

आपण मंडळाची वर्गणी देतो. कुणी एकशे एक देतो, कुणी पाच हजार. एखाद्या वर्षी घरात अडचण असली तर कुणी दिली नाही तरी चालतं. त्याला आरतीला उभं राहू नको असं कुणी म्हणत नाही, आणि मागच्या वर्षी खाल्लेला प्रसाद परत मागत नाही. शिवाय कोषाध्यक्ष जमाखर्च छापून देतात. आता दुसरी एक वर्गणी आली आहे, सॉफ्टवेअरची. ती दरवर्षी भरायची. किती, ते कंपनी ठरवणार. आणि एखाद्या वर्षी भरली नाही, तर तुम्ही स्वतःच्या हाताने काढलेला नकाशा त्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्हालाच उघडता येणार नाही. हे असं का झालं, ते थोडं मागे जाऊन पाहू.

माझ्या पिढीतल्या डिप्लोमावाल्यांनी दोन्ही युगं पाहिली आहेत. पॉलिटेक्निकला आम्ही ड्रॉइंग बोर्डावर शिकलो. टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, कंपासपेटी, शाईची पेनं आणि ट्रेसिंग पेपर. रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने हळूच खरवडायची आणि त्या जागेवर नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा. मग अमोनिया प्रिंट काढायची, तिचा वास दोन दिवस नाकातून जात नसे. त्या कामाला वेळ लागायचा, पाठ दुखायची, एक खोली सरकवायची तर अख्खा नकाशा पुन्हा काढावा लागायचा. तेव्हा जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. संगणक आला आणि आमची पाठ वाचली, हे आधी मान्य करतो.

पण एक गोष्ट खरी. चांगली कंपासपेटी एकदा घेतली की नोकरीभर पुरायची. काही घरांत बापाची पेटी मुलाने वापरली. आणि तिने काढलेला नकाशा वाचायला तीच पेटी जवळ असावी लागत नव्हती. डोळे असले की पुरे.

आपल्या शहराचंच उदाहरण घ्या. पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने होळकर दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा अहवाल लिहिला. तो १९१८ साली दोन खंडांत छापला गेला. शंभराहून अधिक वर्षं झाली. आजही तो कुणालाही उघडून वाचता येतो. दुसरं उदाहरण नर्मदेच्या पाण्याचं. १९७८ साली नर्मदेचं पाणी इंदूरला आलं, हे इथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. त्या योजनेची आखणी झाली तेव्हा आज आम्ही ज्यावर काम करतो ते ऑटोकॅड जन्मालाही आलं नव्हतं. कागद नीट सांभाळला असेल तर त्या काळचं रेखाचित्र आजचा पोरगाही वाचू शकतो. आज आपण जी जलवाहिनी टाकतो, जो पूल बांधतो, तोही पन्नास-साठ वर्षं टिकावा अशी अपेक्षा आहे. त्याची दुरुस्ती करायला जो माणूस येईल, त्याला आजची फाइल उघडता येईल का, हा माझ्या आजच्या बोलण्याचा मूळ प्रश्न आहे.

आता थोडा इतिहास. ऑटोडेस्क ही कंपनी १९८२ साली अमेरिकेत निघाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिने ऑटोकॅड बाजारात आणलं. त्याआधी संगणकावर नकाशे काढायचे तर मोठाली, महागडी यंत्रं लागत. ऑटोकॅड साध्या टेबलावरच्या संगणकावर चालू लागलं, आणि छोट्या गावातल्या नकाशावाल्यालाही ते साधन मिळालं. हे त्यांचं मोठं काम, त्याला नावं ठेवता येणार नाहीत. पुढे आवृत्त्या निघत गेल्या. १९९७ साली चौदावी आली. तिला सगळे 'आर-फोर्टीन' म्हणत आणि कित्येक कार्यालयांत ती वर्षानुवर्षं चालली. मग नावात आकड्याऐवजी साल आलं. २००३ पासून साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास दरवर्षी एक नवी आवृत्ती येते, आणि तिच्यावर पुढच्या वर्षाचं साल असतं. आपले दिवाळी अंकसुद्धा इतक्या आधी निघत नाहीत! आणि सरकारी माणसाला मार्चमध्ये मार्चएंड सोडून दुसरं काहीही सुचत नाही, नेमकं तेव्हाच नवं ऑटोकॅड दारात उभं असतं.

नवी आवृत्ती आली तर बिघडलं कुठे? नको असेल तर घेऊ नये. इथेच गंमत आहे. संगणकातला नकाशा एका विशिष्ट पद्धतीने लिहून साठवलेला असतो, तिला आपण फाइलची लिपी म्हणू. ही लिपी अधूनमधून बदलते. ऑटोकॅडच्या नकाशाची लिपी २०००, २००४, २००७, २०१०, २०१३ आणि २०१८ या सालांच्या नावाच्या आवृत्त्यांत बदलली. नवी आवृत्ती जुनी लिपी वाचते, पण जुन्या आवृत्तीला नवी लिपी वाचता येत नाही. म्हणजे आजोबांचं पत्र नातू वाचू शकतो, नातवाचं पत्र आजोबांना लागत नाही. न्यायाने सांगायचं तर २०१८ नंतर अनेक वर्षं ही लिपी तशीच राहिली, आणि नव्या आवृत्तीतून जुन्या लिपीत साठवण्याची सोयही असते. पण समोरच्याने ती आठवणीने वापरायला हवी ना!

प्रत्यक्षात काय होतं, सांगतो. एका कार्यालयात जुनी आवृत्ती रीतसर विकत घेतलेली आहे आणि काम उत्तम चाललं आहे. बाहेरचा सल्लागार नव्या आवृत्तीत नकाशा करून ई-मेलने पाठवतो. तो उघडत नाही. फोन होतात. "सर, खालच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाठवतो." त्यात दोन दिवस जातात, कारण त्याचा ऑपरेटर गावी गेलेला असतो. तिकडे ठेकेदाराची माणसं आणि मिक्सर जागेवर थांबलेले. असं तीन-चारदा झालं की साहेब म्हणतात, "घेऊन टाका ना नवीन." ज्याला नवीन नको होतं, त्यालाही ते शेजाऱ्यामुळे घ्यावं लागतं. कंपनीने दारात येऊन जबरदस्ती केलेली नसते. सगळ्यांनी मिळून एकमेकांवर केलेली असते.

कंपन्या असं का करतात, याचाही विचार करू. खुर्ची मोडते, कात्री बोथट होते, स्कूटरचा टायर झिजतो. सॉफ्टवेअर झिजत नाही. एकदा विकलं की तेच गिऱ्हाईक परत कशाला येईल? पण कंपनीचे प्रोग्रामर तर दर महिन्याला पगार घेणार. मग त्याच गिऱ्हाइकाला पुन्हा दुकानात आणायचं तर काहीतरी नवं दाखवलं पाहिजे. काही वेळा ते नवं खरोखर कामाचं असतं. काही वेळा बटणं डावीकडून उजवीकडे जातात आणि चित्रं बदलतात. शिवाय संगणकाची मूळ प्रणालीही बदलत असते. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा आधार काढून घेतला, तेव्हा त्यावर नीट चाललेली कितीतरी सॉफ्टवेअर्स अनाथ झाली. म्हणजे दोष एकाच्याच माथी मारता येत नाही. एकाने पायरी बदलली की दुसऱ्याला दार बदलावं लागतं.

दरवर्षी गिऱ्हाईक पटवत बसण्यापेक्षा सरळ वर्गणीच लावावी, ही युक्ती पुढे निघाली. अडोबी कंपनीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की फोटोशॉप वगैरेंच्या नव्या आवृत्त्या पेटीत विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरून वापराव्या लागतील. ऑटोडेस्कने ३१ जानेवारी २०१६ नंतर आपल्या बहुतेक सुट्या सॉफ्टवेअर्सचे नवे कायमचे परवाने देणं बंद केलं. घर विकत घ्यायची सोय संपली, आता फक्त भाड्याने. भाड्याचं घर वाईट असतं असं नाही. नवख्या माणसाला एकदम मोठी रक्कम न घालता धंदा सुरू करता येतो, हा फायदा आहेच. पण भाडं थकलं तर घरमालक तुमचं सामान आत ठेवून बाहेरून कुलूप लावतो, तशी ही गत. सामान आपलं, कुलूप त्यांचं.

सरकारी कामात हे आणखी अडचणीचं होतं. एकदा यंत्र घ्यायचं तर मंजुरी एकदाच लागते. वर्गणीला दरवर्षी मंजुरी हवी. बजेट येणार, फाइल फिरणार, कुणीतरी विचारणार, "मागच्या वर्षी घेतलं होतं ना, मग पुन्हा कशाला?" त्यांचा प्रश्न त्यांच्या जागी बरोबर आहे, कारण आपल्याकडे टेबल एकदाच विकत घेतात. या प्रश्नोत्तरात दोन महिने गेले की तेवढे दिवस पडदा बंद. खासगी छोट्या ऑफिसांचं दुखणं वेगळं. दोन माणसांचं नकाशाचं दुकान, महिन्याला चार-पाच कामं, त्याला ही वर्गणी जड जाते. मग बाजारात चोरीची प्रत मिळते, आणि चांगल्या घरातली मुलंही "सगळेच वापरतात" म्हणून ती घालतात. हे कायद्यातही बसत नाही आणि त्यातून व्हायरस येतो तो वेगळा. पण प्रामाणिक माणसाला परवडेल असा रस्ता ठेवला नाही, की आडरस्ते वाढतात, एवढं लक्षात घ्यावं.

आणखी एक नुकसान हिशेबात धरलं जात नाही, ते माणसाच्या हाताचं. वीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या बोटांना सवय असते. पडदा न बघता तो आज्ञा देतो. २००९ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅडमध्ये वर चित्रांची पट्टी आली, आणि अनेक जुन्या हातांनी ती बंद करून पूर्वीसारखं टाइप करून काम चालू ठेवलं. रेघ काढायची आज्ञा जुन्या काळी जशी दोन कळा दाबून देत, तशीच आजही देता येते. ती वाट कंपनीने बंद केली नाही, म्हणून पन्नाशीचा माणूस आज पंचविशीच्या मुलाच्या शेजारी बसून टिकला आहे. मी याला उपकार नाही म्हणणार, पण शहाणपण नक्की म्हणेन. घरी आपण काय करतो? गणपतीची मूर्ती दरवर्षी नवी आणतो, आरासही नवी. पण पाट, समई आणि ताम्हण आजीच्या वेळचंच असतं. काय बदलायचं आणि काय ठेवायचं, हे ठरलेलं आहे म्हणून सण आपला वाटतो.

आता मराठीकडे येतो, कारण या सगळ्याचा मार आपल्या भाषेला जरा जास्तच बसला.

पेजमेकर हे नाव छपाईशी संबंध आलेल्या प्रत्येकाने ऐकलं असेल. ते १९८५ साली अल्डस या कंपनीने काढलं. १९९४ मध्ये अल्डस अडोबीत विलीन झाली. २००१ साली पेजमेकरची सातवी आवृत्ती आली आणि ती शेवटची ठरली. कंपनीने सगळं लक्ष इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरवर दिलं. पण भारतात छापखान्यांनी पेजमेकर पुढेही बरीच वर्षं सोडलं नाही. बाहेरच्यांना तो मागासलेपणा वाटतो. खरं कारण अक्षरांत आहे.

युनिकोड रुळण्याआधी देवनागरी संगणकावर आली ती फॉन्टच्या युक्तीने. पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची सॉफ्टवेअर्स, हिंदीत कृतिदेव, अशी अनेक घराणी होती. प्रत्येकाने आपापल्या सोयीने कुठल्या खणात कुठलं अक्षर ते ठरवलं. म्हणजे पडद्यावर तुम्हाला 'गणपती' दिसतो, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यांनी फक्त मराठी अंगरखा घातलेला असतो. तो फॉन्ट काढून घेतला की अंगरखा गळून पडतो आणि खाली निरर्थक गिचमीड उरते. नवीन सॉफ्टवेअर, नवीन विंडोज आलं की हे जुने फॉन्ट कधी चालतात, कधी मात्रा उडते, कधी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. इनडिझाइनमध्ये भारतीय भाषांची जोडाक्षरं सरळपणे जुळण्याची सोय २०१२ च्या सीएस-सहा आवृत्तीत आली. तोवर इथल्या माणसाने काय करावं? जे चालतं तेच धरून ठेवावं.

म्हणून इंदुरातल्या कितीतरी छोट्या छापखान्यांत एका कोपऱ्यात एक जुना संगणक दिसतो. त्याला इंटरनेट जोडलेलं नसतं, वर कापड टाकलेलं असतं. नवीन पोरगा जवळ गेला की मालक ओरडतो, "भिया, इसको हाथ मत लगाना." त्यात जुनं विंडोज, जुनं सॉफ्टवेअर आणि पाच-सात मराठी-हिंदी फॉन्ट असतात. तो संगणक बंद पडला तर दुकानाचा अर्धा धंदा बंद पडेल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

छपाईवाले यावर एक उपाय करतात, 'कर्व्ह करून देणं'. कोरलड्रॉमध्ये पत्रिका तयार झाली की अक्षरांचं रूपांतर नुसत्या रेषांच्या आकृतीत करतात. मग फॉन्ट नसला तरी छपाई बिनचूक होते. छपाईपुरतं हे उत्तम. पण तिथून पुढे ती अक्षरं राहत नाहीत, चित्र होतं. त्यात शब्द शोधता येत नाही, एक चुकलेली वेलांटीसुद्धा सुधारता येत नाही.

याचा फटका काय बसतो ते आपल्याच समाजात पाहिलं. एक ज्येष्ठ सद्गृहस्थ, नाव मुद्दाम घेत नाही, पंधरा-वीस वर्षं निरनिराळ्या स्मरणिकांमधून जुन्या इंदूरच्या मराठी वस्त्यांवर लिहीत होते. कोणत्या वाड्यात कोण राहायचं, कुठल्या विहिरीचं पाणी गोड होतं, मेळ्यांत कोण गात असे. ते सगळं एकत्र करून पुस्तक काढावं असं घरच्यांच्या मनात आलं. लेख जपून ठेवलेले होते, सीडीवर. सगळ्यांना वाटलं, महिन्याभराचं काम. पहिली दोन महिने सीडी वाचू शकणारं यंत्र शोधण्यात गेली. फाइल उघडली तर ज्या फॉन्टमध्ये मजकूर होता तो फॉन्ट कुणाकडे नाही, ज्या छापखान्यात काम झालं होतं तो बंद झालेला. पडद्यावर सगळी चिन्हंच चिन्हं. काही लेख कर्व्ह केलेले, म्हणजे चित्रंच. शेवटी लोकांच्या कपाटांतून छापील स्मरणिका गोळा केल्या आणि सुनेने संध्याकाळी स्वयंपाक आटोपून रोज दोन-तीन पानं याप्रमाणे सगळं पुन्हा टाइप केलं. तोवर दीड वर्ष उलटलं आणि आजोबांची नजर गेली. मुद्रितं मुलीने त्यांना वाचून दाखवली. ऐकता ऐकता त्यांनी दोन वाड्यांची नावं दुरुस्त केली. पुस्तक निघालं, ते त्यांनी हातात घेतलं, पण वाचता आलं नाही.

ती दीड वर्षं कुणी नेली? कुणाही एकावर बोट ठेवता येत नाही. पण संगणकात ठेवलं म्हणजे कायमचं राहिलं, हा आपला समज मात्र खोटा ठरला. त्या सगळ्या काळात टिकला तो रद्दीत जाता जाता वाचलेला छापील कागद.

आपल्या शहरात १९१७ साली मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, आणि २००१ साली विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीही भरलं. १९१७ च्या वेळी खिळे जुळवून छपाई झाली, २००१ पर्यंत संगणक आला होता. शंभर वर्षांनी कुणी अभ्यासक आला, तर त्याला दोन्ही काळांतलं साहित्य सारख्याच सहजतेने मिळावं, असं मला वाटतं. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याची काळजी जास्त घ्यावी लागते. पुण्या-मुंबईत एखादा मजकूर हरवला तर त्याच्यासारखे आणखी दहा सापडतील. इंदूरच्या मराठी माणसाबद्दल आपण लिहिलं नाही आणि जपलं नाही, तर दुसरा कुणी लिहिणार नाही.

मग करायचं काय? तक्रार करून भागत नाही. मी माझ्या कामात जे पाळतो आणि तुम्हालाही सहज करता येईल, ते सांगतो.

पहिलं, मराठी मजकूर नेहमी युनिकोडमध्ये टाइप करा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचा क्रमांक जगभर एकच असतो. फॉन्ट बदलला तरी 'ग' हा 'ग'च राहतो. विंडोजमध्ये येणारा 'मंगल' फॉन्ट ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी हे मराठीच, सुलेखन आणि अक्षररचनेतलं मोठं नाव. आता सुंदर मराठी फॉन्ट फुकटही मिळतात. राज्य मराठी विकास संस्थेचे 'यशोमुद्रा' आणि 'यशोवेणू' आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' आहेत. त्यांच्याच एका गुबगुबीत फॉन्टचं नाव 'मोदक' आहे. गणपतीच्या फ्लेक्सला याहून योग्य काय असेल!

दुसरं, कुठलंही काम संपलं की तीन रूपांत ठेवा. मूळ फाइल, पीडीएफ, आणि कागद. पीडीएफमध्ये दीर्घकाळ जपण्यासाठी 'पीडीएफ-ए' नावाचा प्रकार आहे. तो २००५ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आणि त्यात फॉन्ट फाइलच्या आतच भरलेले असतात. स्मरणिकेचा नुसता मजकूरही साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वेगळा काढून ठेवा. तिला सजावट नसते, म्हणून ती कुठेही उघडते.

तिसरं, घराचा नकाशा करून घेताना इंजिनिअरकडून फक्त प्रिंट घेऊ नका. पीडीएफ घ्या आणि डीएक्सएफ नावाच्या रूपातही फाइल मागा. हे रूप ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, त्याची माहिती खुली आहे, आणि बहुतेक सगळी नकाशाची सॉफ्टवेअर्स ते वाचतात. उद्या वरचा मजला चढवायचा असेल आणि तो इंजिनिअर दुबईला गेलेला असेल, तेव्हा आठवण येईल. नव्या लिपीतला नकाशा जुन्या लिपीत बदलून देणारी साधनंही फुकट मिळतात, खुद्द ऑटोडेस्कचं ट्रूव्ह्यू त्यातलंच एक आहे. ते आधीपासून संगणकात असलं तर मघाशी सांगितलेले दोन दिवस वाचतात.

चौथं, हातात काम चालू असताना आवृत्ती बदलू नका. लग्नाच्या आदल्या दिवशी कुणी नवा आचारी ठेवत नाही. नवं आलं की आधी विचारा, यातली कुठली गोष्ट मला रोज लागणार आहे? उत्तर आलं नाही तर थांबा. बदलायचंच असेल तर दोन कामांच्या मध्ये बदला, आणि जुनं महिनाभर शेजारी राहू द्या.

पाचवं, मुक्त सॉफ्टवेअर एकदा वापरून पाहा. चित्रासाठी इंकस्केप, पानं जुळवायला स्क्रायबस, नकाशासाठी लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड, कार्यालयीन कामाला लिब्रेऑफिस. यांना वर्गणी नाही. सगळं काम यांवर होतं असं मी सांगणार नाही. मोठ्या प्रकल्पांत आणि रंगीत छपाईत अजून अडतं. पण पत्रिका, हस्तपत्रक, खोलीचा साधा आराखडा यासाठी ती पुरेशी आहेत. शिकणाऱ्या मुलांनी चोरीच्या प्रतीवर हात बसवण्यापेक्षा यांवर बसवावा. भारत सरकारने २०१० मध्ये ई-शासनासाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं आहे. सरकारी कागद कुणा एका कंपनीच्या कुलपात राहू नये, हा त्यामागचा विचार आहे. नागरिक म्हणून आपणही जिथे तिथे हे मागितलं पाहिजे.

कंपन्या आवृत्त्या काढणारच. तो त्यांचा धंदा आहे, आणि त्यातली चांगली गोष्ट आपण घेऊही. पण आपण काढलेली रेघ आणि आपण लिहिलेलं वाक्य आपलं आहे. ते वाचण्यासाठी दरवर्षी कुणाची परवानगी लागू नये, एवढी व्यवस्था आपल्या हातात आहे.

शेवटी एक विनंती, कार्यकारिणीच्या संमतीने करतो आहे. अनंत चतुर्दशीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या सभागृहात बसायचं ठरलं आहे. ज्यांच्याकडे मंडळाच्या जुन्या स्मरणिका असतील त्यांनी त्या आणाव्यात, स्कॅन करून त्याच दिवशी परत मिळतील. ज्यांच्याकडे जुन्या सीडी, पेन ड्राइव्ह, फ्लॉपी असतील त्यांनी त्याही आणाव्यात, निघालं तर निघालं. मराठी टाइप करता येणारी पाच-सहा तरुण मुलं-मुली हवी आहेत. ज्यांना टाइप येत नाही पण जुनी माणसं आणि वाडे आठवतात, अशा ज्येष्ठांनी तर यायलाच हवं. नावं बरोबर आहेत की नाहीत, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? पोह्यांची सोय महिला मंडळाने केली आहे. या कामाला वर्गणी नाही.



गणपती बाप्पा मोरया!